हंसी अंडी का घालीत नाही?

ज्या घराला पिढ्यान्‌पिढ्या कोंबड्या पाळण्याची सवय आहे, त्या घराच्या आवारात हौसेने म्हणा किंवा राखणीसाठी म्हणा, ज्यांना आपण लौकिकात राजहंस म्हणतो त्या पाळीव हंसांची एखादी जोडी येऊन दाखल झाली, की वर्ष-सहा महिन्यांच्या आत एक तक्रार हमखास कानी येते. पक्षी धष्टपुष्ट आहेत, दाणागोट्यात काही कसूर नाही, परका मनुष्य फाटकाशी आला की साऱ्या आळीला जाग आणतात, परंतु अंड्याचा मात्र पत्ता नाही, अशी ती तक्रार असते. आणि तिच्या मुळाशी, पक्ष्याने खाल्लेल्या अन्नाच्या मोबदल्यात नियमाने भरावयाचे देणे म्हणजे अंडे, अशी एक समजूत दडलेली असते. ही समजूत कोंबडीने आपल्या अंगवळणी पाडली आहे. हंसीच्या बाबतीत ती सपशेल खोटी ठरते, कारण वर्षातील बहुतेक महिने अंडी न घालणे हीच तिची प्रकृती आहे, आणि ज्या थोड्या महिन्यांत ती अंडी घालते तेवढेच काय ते अपवादाचे दिवस होत.

वस्तुतः विलक्षण काही असेल तर ती कोंबडी. तिचा पूर्वज जो रानकोंबडा, त्याची मादी उष्ण कटिबंधातल्या अरण्यात वर्षाकाठी दहा-पंधरा अंड्यांवर समाधान मानते. परंतु मनुष्याने पिढ्यामागून पिढ्या निवड करून त्याच वंशातून वर्षाला ३०० च्या घरात अंडी देणारी व्हाइट लेगहॉर्न घडविली, आणि मग तिलाच पक्षिमात्राचे माप ठरविले. हंसाची वंशावळ निराळी आहे. जगातील जवळजवळ सारे पाळीव हंस दोन वन्य जातींपासून उतरलेले आहेत: युरोपातील एम्डेन व टूलूझ या भारदस्त जाती करड्या कलहंसापासून, आणि चोचीच्या मुळाशी गाठीसारखा उंचवटा मिरविणारे चिनी व तथाकथित आफ्रिकन हंस, मंगोलिया, उत्तर चीन व आग्नेय सायबेरिया या भागांत राहणाऱ्या लांब मानेच्या वन्य हंसापासून. हे दोन्ही पूर्वज उत्तरेकडील गवताळ पाणथळींचे रहिवासी. तेथील उन्हाळा आखूड, आणि हंसाची पिले जन्मतःच चरणारी असल्यामुळे, कोवळे गवत जेव्हा भरपूर असेल नेमक्या त्याच आठवड्यांत ती अंड्याबाहेर पडली पाहिजेत. महिनाभर आधी किंवा महिनाभर नंतर जन्मलेले पिलू जगत नाही. म्हणून ज्या हंसीच्या देहात ऋतूचे गणित चुकत असे तिचा वंशच खुंटला, आणि जिच्या देहात ते अचूक होते तिची संतती आज आपल्या आवारात हिंडते आहे. या गणिताला मनुष्याच्या निवडीने थोडी ढील दिली खरी, तरी टूलूझ किंवा एम्डेन हंसी वर्षाला २० ते ४० आणि चिनी हंसी ४० ते ६०, फार तर थोडी अधिक, यापलीकडे सहसा जात नाही. तीही सलग नव्हे, तर एका ठराविक मोसमात, साधारणपणे एक दिवसाआड.

हे दोन वंश परस्परांत मिसळतात, व त्या संकराची हकीकत आपल्या देशाशी निगडित आहे. १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात चार्ल्स डार्विनने संकरज प्राण्यांच्या जननक्षमतेची चर्चा करताना, कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे प्रमुख एडवर्ड ब्लाइद व कॅप्टन हटन यांच्या साक्षीचा आधार घेऊन असे नमूद केले आहे, की साध्या व चिनी हंसांच्या संकरापासून झालेले कळपच्या कळप हिंदुस्थानात अनेक ठिकाणी पाळले जातात, आणि ज्या अर्थी शुद्ध मूळ जात जवळ नसतानाही लोक ते फायद्यासाठी पाळतात, त्या अर्थी ते अतिशय जननक्षम असले पाहिजेत. तेव्हा अशी संकरज हंसी अंडी घालीत नसेल, तर ‘रक्त मिश्र आहे’ एवढ्यावर तिला बाद करता येणार नाही. कारण अन्यत्र शोधावे लागेल.

ते कारण शोधण्यापूर्वी, हंसीच्या देहाला ऋतू कळतो कसा, हे समजून घेणे अगत्याचे आहे. थंडी कमी झाली, पाणी वाढले, चारा हिरवा झाला, या खुणांचा काही अंश प्रभाव असतोच. परंतु मुख्य सूचना मिळते ती दिवसाच्या लांबीवरून. कॅनडातील एडमंटन येथे विल्यम रोवन या प्राणिशास्त्रज्ञाने जंको नावाच्या लहान स्थलांतरी पक्ष्यांना भर हिवाळ्यात उघड्या पिंजऱ्यांत ठेवून, सूर्यास्तानंतर रोज थोडा थोडा अधिक वेळ विजेचा प्रकाश दिला, आणि बाहेर हाडे गोठविणारी थंडी असतानाही त्यांच्या जननग्रंथी वसंतऋतूप्रमाणे वाढल्या. १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने तापमानापेक्षा प्रकाशाचा अंमल मोठा आहे हे सिद्ध केले. पुढे फ्रान्समध्ये झाक बन्वा याने बदकांवर प्रयोग करून याहूनही आश्चर्यकारक गोष्ट दाखविली, ती अशी की दृष्टी गेलेल्या बदकांवरही हाच परिणाम घडतो, कारण प्रकाश कवटीच्या पातळ हाडातून आत झिरपून मेंदूच्या तळाशी असलेल्या संवेदनशील पेशींपर्यंत थेट पोहोचतो. तेथून पीयूषिका ग्रंथीला हुकूम सुटतो, तिचे स्राव रक्तावाटे अंडाशयाशी येतात, आणि अंडाशयात सुप्त पडून असलेल्या शेकडो सूक्ष्म बीजांपैकी काही एकामागून एक पिवळ्या बलकाने भरू लागतात. परंतु याच यंत्रणेला दुसरीही बाजू आहे. लांब दिवस कित्येक आठवडे टिकले, की जो प्रकाश पूर्वी उत्तेजक होता तोच निष्प्रभ होतो. देह त्याला दाद देईनासा होतो, अंडाशय आक्रसतो, आणि दिवस पुन्हा लहान होऊन मधला काळ लोटल्याशिवाय यंत्रणा पूर्ववत होत नाही.

येथे आपल्या प्रदेशाचा एक खास मुद्दा उपस्थित होतो, आणि बहुतेक गैरसमज त्यापाशीच जन्म घेतात. लंडनला हिवाळ्यातला सर्वांत लहान दिवस आठ तासांहूनही थोडा कमी, तर उन्हाळ्यातला सर्वांत मोठा साडेसोळा तासांहून अधिक असतो; पुण्याला मात्र हा फरक साधारण ११ तासांपासून सव्वातेरा तासांपर्यंत, म्हणजे जेमतेम सव्वादोन तासांचा. इंग्लंड-अमेरिकेत छापलेल्या पुस्तकांत, हंसी फेब्रुवारीत अंडी घालू लागते व जूनपर्यंत थांबते, असे जे निःशंकपणे लिहिलेले असते ते तेथील सूर्याच्या हिशेबाने. दक्षिण चीनमधील ग्वांगडोंग प्रांतात, जो आपल्या सातपुड्याहून अक्षांशाने फार वर नाही, तेथील मागांग जातीचे हंस याच्या नेमके उलट वागतात: दिवस लहान होऊ लागले की जुलै-ऑगस्टच्या सुमारास त्यांचा मोसम सुरू होतो, तो हिवाळाभर चालतो, आणि वसंतात दिवस मोठे होऊ लागले की मार्च-एप्रिलपर्यंत संपतो. चिनी रक्ताच्या हंसीने महाराष्ट्रात नेमके कोणते महिने निवडावे याचा निर्णय म्हणूनच विलायती पुस्तकावरून देता येत नाही. आणि एप्रिल-मे महिन्यांत अंडे नाही म्हणून जो गृहस्थ चिंता करीत बसतो, त्याच्या हंसीने आपला मोसम संक्रांतीच्या आगेमागेच उरकलेला असण्याचा संभव असतो. जायकवाडीच्या नाथसागरावर दर हिवाळ्यात जे वन्य पट्टकादंब उतरतात, तेही महिनोन्‌महिने आपल्याकडे चरतात, पुष्ट होतात, परंतु येथे एकही अंडे न घालता तिबेट-लडाखच्या पठारांकडे किंवा मंगोलियाकडे निघून जातात. त्यांच्या पोषणात काही न्यून आहे असे कोणी म्हणत नाही.

ऋतूचे हे तत्त्व मनात ठेवून मग क्रमाने चौकशी करावी, आणि तिचा पहिला प्रश्न थोडा संकोचाचा आहे: आपली हंसी खरोखरीच हंसी आहे काय? कोंबडा व कोंबडी यांत आंधळ्यालाही फरक कळावा, इतके त्यांचे आवाज भिन्न; पण बहुतेक जातींचे नर-मादी हंस पिसांनी सारखेच दिसतात, आणि विकणाऱ्याने ‘जोडी’ म्हणून दिलेले दोन पक्षी हे दोन नर निघणे ही नित्याची गोष्ट आहे. त्यांचे परस्परांवरील प्रेम हा काही पुरावा नव्हे. हंसांच्या वर्तनाचा आयुष्यभर अभ्यास करणाऱ्या व १९७३ साली नोबेल पारितोषिकाचा मानकरी ठरलेल्या कोनराड लोरेन्झने कलहंसांत दोन नरांच्या जोड्या जमतात व त्या वर्षानुवर्षे टिकतात, हे तपशीलवार नोंदविले आहे. उलटपक्षी, घरट्यात अंडी अपेक्षेपेक्षा दुप्पट सापडत असतील आणि एकातूनही पिलू निघत नसेल, तर जोडी दोन माद्यांची आहे असे खुशाल समजावे. नराचा आवाज सहसा चिरका व उंच, मादीचा खोल व घोगरा. चिनी जातीत नराच्या चोचीवरचा उंचवटा मोठा. मान ताणून फुत्कारत पुढे येणारा बहुधा नर, आणि मागे राहून ओरडणारी बहुधा मादी. तथापि हे सारे दाखले समवयस्क पक्ष्यांची तुलना करतानाच ग्राह्य मानावेत. खात्रीचा निर्णय जाणत्या मनुष्याने पक्षी उलटा धरून गुदद्वाराच्या आतील इंद्रिय तपासल्याने होतो.

दुसरा प्रश्न वयाचा. चिनी जातीची हंसी नऊ-दहा महिन्यांची झाली व तेव्हाच मोसम आला तर अंडी घालू लागते. मोसम नुकताच टळला असेल तर तिला पुढच्या मोसमाची वाट पाहणे भाग पडते. भारदस्त जातींची हंसी पुष्कळदा दोन वर्षांची झाल्याखेरीज मनावर घेत नाही, आणि पहिल्या वर्षाची अंडी लहान, थोडी व बरीचशी वांझ असतात. याची भरपाई पुढे होते, कारण कोंबडीचे उत्पन्न जेव्हा उतरणीला लागते त्या वयात हंसीचा भर सुरू होतो. दुसऱ्यापासून पाचव्या वर्षापर्यंत ती ऐन कर्तबगारीत असते आणि दहाव्या वर्षीही अंडी देणारी हंसी विरळा नाही. वीस वर्षे जगणाऱ्या पक्ष्याला पहिल्या वर्षीच नालायक ठरवून सुरीखाली घालणे हा उतावळेपणा होय.

तिसरा प्रश्न असा, की अंडी नाहीतच, की सापडत नाहीत? कोंबडी अंडे घालून गावभर डांगोरा पिटते. हंसी ते घालते पहाटे, चुपचाप, आणि उठताना गवत, पालापाचोळा व स्वतःची पिसे ओढून ते झाकून टाकते. कडब्याच्या गंजीमागची खबदाड, घाणेरीच्या जाळीतली पोकळी, पडक्या गोठ्याचा कोपरा, अशा जागा तिला आपण सजवून दिलेल्या पेटीपेक्षा अधिक पसंत पडतात. तिच्यावर नजर ठेवणारे मात्र इतर असतात: मुंगूस, घूस, घोरपड, कावळा आणि भटके कुत्रे यांना त्या जागेचा शोध मालकाच्या आधी लागतो, व सकाळी उरते ती ओलसर माती आणि कवचाच्या चार टिकल्या. यावर उपाय सोपा आहे. मोसमाच्या दिवसांत पक्ष्यांना सकाळी नऊपर्यंत खुराड्यातच ठेवावे, आत एका अंधाऱ्या कोपऱ्यात भाताच्या पेंढ्याचे खोल अंथरूण करावे, आणि त्यात एखादे लाकडी किंवा दगडी नकली अंडे ठेवून द्यावे. रिकाम्या घरट्यापेक्षा अंडे असलेल्या घरट्यावर तिचा विश्वास लवकर बसतो. अंडी पडत असतील तर ती आठवडाभरात उजेडात येतात. शिवाय हंसीच्या देहाची साक्षही काढता येते: गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंस जघनास्थीची जी टोके हाताला लागतात, ती अंडी न घालणाऱ्या हंसीत जेमतेम एका बोटाच्या अंतरावर असतात, आणि अंडी घालणाऱ्या हंसीत त्यांच्यामध्ये तीन बोटे सहज मावतात.

मोसमाच्या मध्येच अंडी एकाएकी थांबली, तर हंसी खुडूक झाली आहे काय हे पाहावे. आठ ते पंधरा अंडी साठली की हंसी बसू इच्छिते, आणि एकदा ती बसली की पिले निघेपर्यंतचा सुमारे ३० दिवसांचा काळ अंड्यांच्या हिशेबातून वजा होतो. ज्याला पिलांपेक्षा अंड्यांची आवश्यकता अधिक, त्याने ती रोजच्या रोज उचलावी म्हणजे मोसम लांबतो. मात्र घरट्यात एक तरी अंडे ठेवावे, नाहीतर ती ते घरटेच सोडून देते. मोसम संपल्यावर पीसझड येते, व पंखांतली मोठी पिसे एकदमच गळून पडतात. पिसे ही जवळजवळ निव्वळ प्रथिनांची घडण असल्यामुळे त्या काळात देहाची सारी आमदनी तिकडेच खर्ची पडते, आणि अंगणभर पिसे दिसत असताना अंड्यांचा तगादा लावणे व्यर्थ ठरते.

लिंग, वय, मोसम व लपवाछपवी या चारही बाबींची तपासणी होऊनही उलगडा झाला नाही, तरच खाद्याकडे वळावे. आणि तेथे बहुधा दोष सापडतो तो अभावाचा नव्हे, अतिरेकाचा. हंस हा मूलतः गवत चरणारा प्राणी आहे. त्याला हरळी, लसूणघास, भाजीचा पाला यांवर सोडण्याऐवजी वर्षभर मका, तांदळाची कणी, शिळी चपाती व पाव यांच्यावर पोसले, तर अंडाशयाभोवती व यकृतात चरबी साठते, आणि वरून देखणी दिसणारी हंसी आतून वांझोटी होत जाते. बिगर-मोसमात चराईवर भर द्यावा, दाणा मोजका ठेवावा, आणि अपेक्षित मोसमाच्या महिनाभर आधीपासून १५-१६ टक्के प्रथिने असलेले, अंड्यांवरील पक्ष्यांसाठी मिळणारे खाद्य सुरू करावे. एक बीज बलकाने पूर्ण भरावयास दहा-बारा दिवस लागतात, म्हणून आज सुधारलेल्या खाद्याचे फळ आठवड्याच्या आत मागू नये. चुन्याचीही तीच गोष्ट: दीडशे ग्रॅमच्या एका अंड्यावर १५ ते १८ ग्रॅमचे कवच चढते, ते जवळजवळ सर्वस्वी कॅल्शियम कार्बोनेटचे असते, आणि त्याची तजवीज पक्षिणी आधीपासून आपल्या हाडांच्या पोकळीत करून ठेवते. शिंपल्यांचा चुरा एका वेगळ्या पात्रात सदैव ठेवला, तर ती गरजेपुरता स्वतःच उचलते. बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंड मात्र कदापि देऊ नये. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी व त्यांच्याबरोबर बदकांची पिले मेली, तेव्हा अशाच पेंडीतील बुरशीजन्य विष, म्हणजे अफ्लाटॉक्सिन, प्रथम उघडकीस आले. हे विष यकृतावर आघात करते, आणि अंड्यातील बलकाची सामग्री यकृतातच तयार होत असल्याने, पक्षी मरण्याइतके विष पोटात गेले नाही तरी अंड्यांवर त्याचा परिणाम झाल्याशिवाय राहत नाही.

त्यानंतर येतो स्वास्थ्याचा विचार. हंस जुळवून घेण्यास वेळ लावणारा पक्षी आहे. ऐन मोसमात त्याला एका गावाहून दुसऱ्या गावी आणले, जोडीदार बदलला, कळपात नवा नर सोडला किंवा कुत्रा मोकळा ठेवला, तर तो संपूर्ण मोसम फुकट जाऊ शकतो. खरेदी किंवा अदलाबदल करावयाची ती मोसमापूर्वी निदान महिना-दीड महिना करावी. दिवाळीतले फटाके आणि खुराड्यावर रात्रभर जळणारा दिवा यांचाही विचार व्हावा. पहिल्याने भीती उत्पन्न होते, तर दुसऱ्याने, वर सांगितल्याप्रमाणे, दिवसाच्या लांबीचा हिशेबच बिघडतो. पाण्याविषयी मात्र एक भ्रम दूर करणे अवश्य आहे. तळे नसले म्हणून अंडी थांबत नाहीत, तसेच नर नसला म्हणूनही थांबत नाहीत. विशेषतः जड जातींचे मीलन पाण्यात सुकर होत असल्याने, पाण्याचा व नराचा संबंध अंडी फळण्याशी आहे, पडण्याशी नाही. डोके पूर्ण बुडेल एवढे खोल पाणी डोळे व नाकपुड्या स्वच्छ ठेवण्यासाठी पुरेसे असते.

रोग हा शेवटचा संशयित, कारण तो बहुधा स्वतःची वर्दी स्वतःच देतो. चरणे सोडून एका जागी बसून राहणारी, शेपटी खाली झुकवून कुंथणारी किंवा पोट घट्ट व गरम झालेली हंसी अंडे आत अडकल्याच्या संकटात असू शकते, आणि तिला त्याच दिवशी पशुवैद्याकडे नेले पाहिजे. हळूहळू खंगत जाणारी, छातीचे हाड टोचू लागलेली हंसी बहुधा कृमींची शिकार असते. हंसांच्या पोटातल्या चक्कीत, जेथे खडे गवताला दळतात तेथेच, बारीक तांबूस कृमी ठाण मांडतात व खाल्लेले अन्न अंगी लागू देत नाहीत. एकाच तुकड्यावर वर्षानुवर्षे कळप चारल्याने त्यांचा प्रादुर्भाव वाढतो. म्हणून चराईची जागा आलटून-पालटून वापरावी व विष्ठेची तपासणी करून मगच औषध द्यावे.

या सर्व चौकशीत एक दप्तर मात्र बहुतेक घरांत आढळत नाही, आणि त्याच्या अभावी दरवर्षी तोच प्रश्न नव्याने विचारला जातो. पहिले अंडे कोणत्या तारखेस पडले, शेवटचे कोणत्या, पीसझड केव्हा सुरू झाली, आणि खाद्यात किंवा कळपात त्या सुमारास काय बदलले, एवढ्या चार नोंदी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर केल्या, तरी तीन वर्षांत आपल्या कळपाचा मोसम आपल्यापुरता निश्चित होतो. सोलापूरच्या कोरड्या माळावर तो रत्नागिरीच्या ओल्या परसातल्यापेक्षा निराळा निघेल, चिनी रक्ताचा एम्डेनपेक्षा निराळा निघेल, आणि ही निराळी वेळापत्रके आजवर कोणत्याही ग्रंथात छापलेली नाहीत. ज्याच्या आवारात हंस आहेत त्यानेच ती लिहावयाची आहेत.